इतिहासाचे दोन वर्ग आणि एक कट-ऑफ: आमच्या स्कूल बोर्डाला खुलं पत्र

स्कूल बोर्डाच्या सगळ्या सदस्यांना नमस्कार,

मी तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या दोन मुलांची आई. मोठी मुलगी आता दहावीत आहे, धाकटा सातवीत. टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहतो आम्ही, चौदा वर्षं झाली इथे येऊन. हे सगळं मी तुम्हाला इंग्लिशमध्ये ईमेलनं दोनदा कळवलंय आणि दोन्ही वेळा अभिप्रायाबद्दल आभार असं एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून आता उघडपणे लिहितेय, आणि मराठीत पण लिहितेय, कारण आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना असा काही निर्णय झालाय हेच माहीत नाहीये.

निर्णय असा. मागच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही ठरवलंत की पुढच्या वर्षीपासून आठवीचा ऍडव्हान्स्ड हिस्टरीचा वर्ग कोणाला मिळणार ते फक्त रीडिंग टेस्टच्या स्कोअरवर ठरेल. आत्तापर्यंत पालकांनी सही केली की मुलाला त्या वर्गात बसता यायचं. ती सहीची जागाच आता फॉर्मवरून काढून टाकलीत. कारण सांगितलंत की वर्ग भरलेत, टीचर कमी आहेत. टीचर कमी आहेत हे मला मान्य आहे, माझ्या मुलाच्या टीचरना दिवसाला सहा वर्ग घ्यायला लागतात हे मी बघतेय, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण जागा कमी पडल्या की इतिहास कोणी खोलात शिकायचा आणि कोणी वरवर हे एका टेस्टच्या आकड्यावर सोडून द्यायचं, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

आमच्या घरात दोन्ही वर्ग होऊन गेलेत म्हणून हे इतक्या ठामपणे सांगू शकते. मुलगी तीन वर्षांपूर्वी सातवीत ऍडव्हान्स्ड टेक्सस हिस्टरीला होती. मुलगा यंदा रेग्युलरला आहे, कारण मागच्या वर्षी कोर्स निवडायचा फॉर्म आला तेव्हा मी भारतात होते, आई हॉस्पिटलमध्ये होती, आणि पोर्टलवरची पाच दिवसांची मुदत निघून गेली. फॉर्म भरला नाही की आपोआप रेग्युलर. काउन्सेलरना फोन केला तर म्हणाल्या आता पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलं तर तुम्ही दार बंद केलं.

तर मागच्या शनिवारी मी दोघांचे सातवीचे फोल्डर डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवले. तीच सातवी, तीच शाळा, तेच चॅप्टर. मुलीच्या फोल्डरमध्ये विल्यम ट्रॅव्हिसनं २४ फेब्रुवारी १८३६ ला, मेक्सिकोच्या सैन्यानं वेढलेल्या अलामोच्या किल्ल्यातून लिहिलेलं पत्र आहे, अख्खं, टेक्ससच्या लोकांना आणि जगातल्या सगळ्या अमेरिकनांना उद्देशून लिहिलेलं (ते पण खुलं पत्रच होतं), आणि त्याच्या कडेला तिच्या अक्षरात लिहिलंय की याला मदत हवीये की याला लोकांनी आपल्याला लक्षात ठेवायला हवंय. बारा वर्षांच्या मुलीनं लिहिलेलं आहे हे. त्याच्या पाठीमागे मेक्सिकोपासून वेगळ्या झालेल्या टेक्सस रिपब्लिकच्या १८३६ च्या घटनेतलं एक पान, ज्यात सरळ लिहिलंय की काँग्रेसच्या परवानगीशिवाय कुठल्याही मुक्त आफ्रिकन वंशाच्या माणसाला रिपब्लिकमध्ये कायमचं राहता येणार नाही. आणि एका पानावर तिच्या टीचरनी विचारलेला प्रश्न: मेक्सिकोनं १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली आणि १८३० मध्ये अमेरिकेतून टेक्ससमध्ये येणाऱ्यांवर बंदी घातली, या दोन गोष्टी एकत्र ठेवून सेटलर लोकांचा राग समजावून सांगा. हे वाचून मुलगी तेव्हा मला म्हणाली होती, आई म्हणजे तेव्हा टेक्ससमध्ये इमिग्रंट्स अमेरिकन होते? मी व्हिसाच्या रांगेत उभी राहून आलेली बाई, मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी मिळून शिकलो.

मुलाच्या फोल्डरमध्ये अलामोचं काय आहे? एक शब्दांची यादी, अर्थ जुळवा. एक नकाशा, रंगवा. अकरा प्रश्नांचं वर्कशीट, सगळे अ ब क ड. आणि मागे राज्याच्या स्टार (STAAR) परीक्षेची प्रॅक्टिस म्हणून अजून चार पानं, जी परीक्षा सातवीत सोशल स्टडीजची नसतेच, आठवीत असते. ट्रॅव्हिसच्या पत्रातलं एक वाक्य चौकटीत छापलंय, विजय किंवा मरण, बाकीचं पत्र नाहीच.

आता तुम्ही म्हणाल की ऍडव्हान्स्ड आणि रेग्युलर यात फरक असणारच. माझं म्हणणं तिथेच आहे. टेक्सस स्टेटनं आठवीच्या सोशल स्टडीजचं स्टँडर्ड एकच ठेवलंय, वसाहतींपासून ते १८७७ पर्यंत, दोन वर्गांसाठी दोन वेगळी स्टँडर्ड नाहीयेत. आणि त्याच स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलांनी प्रायमरी आणि सेकंडरी सोर्स ओळखायचे, शोधायचे, वापरायचे. सगळ्या मुलांनी, फक्त ऍडव्हान्स्डच्या नाही. म्हणजे त्या काळातला मूळ कागद हातात घेऊन वाचणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे आणि आपण तो वरच्या स्कोअरच्या मुलांना बक्षीस म्हणून देतोय. वेग वेगळा ठेवा, होमवर्क वेगळं ठेवा, निबंधाची लांबी वेगळी ठेवा, सगळं कबूल. पण एकाला कागद आणि दुसऱ्याला नुसता त्या कागदावरचा अ ब क ड, हा फरक लेव्हलचा नाही.

माझा मुलगा हळू वाचतो. लहानपणापासून हळू वाचतो, ओळीखाली बोट ठेवून वाचतो, वेळ लावलेल्या टेस्टमध्ये त्याचे शेवटचे सात-आठ प्रश्न राहतातच. तुमच्या कट-ऑफमध्ये तो कधीच बसणार नाही. यंदा स्प्रिंग ब्रेकला आम्ही गॅल्व्हेस्टनला गेलो होतो, गाडीनं पाच तास, खरं तर बीचसाठी. तिथे गावात एका भिंतीवर जूनटीन्थचं, म्हणजे टेक्ससमधले गुलाम मुक्त झाल्याच्या दिवसाचं, प्रचंड मोठं म्युरल आहे, ऍब्सोल्यूट इक्वॅलिटी नावाचं. त्यानं विचारलं हे दोन शब्द कुठून आले. मला माहीत नव्हतं, मोबाईलवर शोधलं तर कळलं की १९ जून १८६५ ला अमेरिकन सैन्याच्या जनरल ग्रेंजरनं तिथे जो हुकूम जाहीर केला, जनरल ऑर्डर नंबर ३, त्यातलेच शब्द आहेत. घरी आल्यावर नॅशनल अर्काइव्हजच्या साईटवरून तो हुकूम काढला, हातानं लिहिलेली प्रत आहे तिथे, आणि शेजारी टाईप केलेला मजकूर प्रिंट करून त्याला दिला. जेमतेम एक परिच्छेद आहे. त्याला पाऊण तास लागला. पहिल्या वाक्यात लिहिलंय सगळे गुलाम मुक्त आहेत, मग ते ऍब्सोल्यूट इक्वॅलिटी, आणि लगेच पुढे लिहिलंय की मुक्त झालेल्यांनी आहेत त्याच घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नये. तिथे त्याचं बोट थांबलं. म्हणाला, आई, फ्री आहेत तर मग तिथेच राहा का सांगतायत? आणि तिथेच म्हणजे ज्यांनी त्यांना गुलाम ठेवलं होतं त्यांच्याकडेच ना? मग पुढचा प्रश्न, लिंकनचं गुलाममुक्तीचं प्रोक्लमेशन तर १ जानेवारी १८६३ चं आहे, मग मधली अडीच वर्षं टेक्ससमध्ये हे कोणाला सांगायचं नव्हतं?

हे प्रश्न विचारणारा मुलगा तुमच्या हिशोबात ऍडव्हान्स्ड हिस्टरीला लायक नाही, कारण तो मिनिटाला कमी शब्द वाचतो. त्याच्या वर्गात जूनटीन्थवर एकच प्रश्न आला होता, मुक्तीची बातमी गॅल्व्हेस्टनला कोणत्या साली पोचली. त्यानं बरोबर उत्तर दिलं. शंभर टक्के मिळाले. त्या शंभर टक्क्यांनी मला आनंद झाला नाही.

आता तक्रारी नीट एकेक करून सांगते, म्हणजे उत्तर द्यायला तुम्हाला पण सोपं जाईल.

पहिली गोष्ट त्या फॉर्मची. बारा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या वर्षाचा निर्णय पाच दिवसांत करायला सांगता आणि त्यावर माहिती किती तर ऍडव्हान्स्डपुढे "जास्त वेगवान आणि सखोल" आणि रेग्युलरपुढे "ग्रेड लेव्हल". एवढ्यावरून कुठल्या आईवडिलांना काय कळणार? जे इथेच शिकलेत त्यांना कळतं, ज्यांची मोठी मुलं त्यातून गेलीत त्यांना कळतं, बाकीचे शेजाऱ्याला विचारतात. आमच्या स्ट्रीटवर एक कुटुंब आहे, वडील रात्रपाळी करतात, आईला इंग्लिश वाचायला त्रास होतो, त्यांच्या मुलीचा फॉर्म मी बसून भरून दिला. जर मी नसते तर ती पण आपोआप रेग्युलर.

दुसरं, कट-ऑफ. गणितासाठी टेक्ससनं २०२३ मध्ये कायदा केला, पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप ऍडव्हान्स्ड मॅथला घालायचं, नको असेल तर पालकांनी तसं सांगायचं. म्हणजे तिथे विचार असा आहे की मूल कुठे निसटून जाऊ नये. डॅलस आयएसडीनं, म्हणजे डॅलसच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं, त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, ऑनर्स कोर्सेसना असंच केलं होतं, आधी आत घ्या, नको असेल तर बाहेर पडा. आणि आपण इतिहासात नेमकं उलट्या दिशेला चाललोय. गणिताचा स्कोअर बघून गणिताचा वर्ग देणं निदान समजतं, रीडिंगच्या वेगावर इतिहासाचा वर्ग देणं मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरं, एकदा बसलं की बसलं. ऍडव्हान्स्डमधून खाली यायला पहिले तीन आठवडे मिळतात. रेग्युलरमधून वर जायला वर्षभरात एक दिवसही नाही. सप्टेंबरमध्ये ज्या मुलाला इतिहास कंटाळवाणा वाटतो त्याला जानेवारीत सिव्हिल वॉर सुरू झालं की वेड लागतं, हे मी माझ्याच घरी बघितलंय. मुलं बदलतात या वयात, महिन्या महिन्याला बदलतात.

चौथं, आणि हे ऍडव्हान्स्डबद्दल आहे. तिथे पण सगळं छान चाललंय असं नाही. मुलीच्या आठवीत असे कितीतरी आठवडे होते की ती रात्री अकरापर्यंत पॅकेट भरत बसायची, चाळीस चाळीस शब्दांच्या नोट्स, चॅप्टरच्या चॅप्टर उतरवून काढायचे. ऍडव्हान्स्ड म्हणजे तेच काम दुप्पट, असा समज काही वर्गांत आहे. तिच्या तीन मैत्रिणी त्यानंच सोडून गेल्या, इतिहास आवडत नव्हता म्हणून नाही, झोप पुरत नव्हती म्हणून. त्यामुळे पालक घाबरतात आणि चांगल्या मुलांना पण रेग्युलरला घालतात. खोलात जायचं म्हणजे जास्त पानं भरायची नाहीत. एक पान घ्या आणि त्यावर दोन तास बोला.

पाचवं परीक्षेचं. रेग्युलरमध्ये अ ब क ड चा मारा का, असं विचारलं की उत्तर येतं स्टार आहे ना आठवीत. पण २०२३ पासून स्टार परीक्षाच बदलली, त्यात मल्टिपल चॉइसचे मार्क ७५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरलंय, सोशल स्टडीजमध्ये मुलांना स्वतःच्या शब्दांत छोटी उत्तरं लिहायला लागतात. म्हणजे परीक्षेसाठी म्हणून जे चाललंय ते परीक्षेच्या पण कामाचं नाही.

मी स्वतः साताऱ्याला शिकले. आमचा इतिहास म्हणजे कारणे द्या, टीपा लिहा, गाईडमधलं पाठ करा आणि पेपरात ओता. सगळ्या शाळेच्या आयुष्यात इतिहासाचा एकच तास मला आज लख्ख आठवतो, सातवीत बाईंनी मोडी लिपीतल्या एका जुन्या पत्राची झेरॉक्स आणली होती आणि पन्नास मुलींच्या वर्गात बाकाबाकावरून फिरवली होती. कोणाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बाई वाचून दाखवत होत्या आणि त्यात कोणीतरी कोणाकडे तरी बैलांचे पैसे मागत होतं. आम्ही सगळ्या थक्क, की इतिहासातली माणसं पण उधारी मागायची! तो वर्ग ऍडव्हान्स्ड नव्हता. नगरपालिकेची शाळा होती, पन्नास मुली होत्या, एक झेरॉक्स होती. म्हणून टीचर कमी आहेत, वेळ कमी आहे हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

आणि आता थोडं आपल्या मराठी पालकांशी बोलते, बोर्डानं हे पण ऐकावं. आपल्या ग्रुपवर दर जानेवारीत हीच चर्चा होते. मॅथ ऍडव्हान्स्ड, सायन्स ऍडव्हान्स्ड, हिस्टरी रेग्युलर घे, तेवढाच वेळ रोबोटिक्सला. मिडल स्कूलचा हिस्टरीचा ग्रेड हायस्कूलच्या जीपीएत धरत नाहीत, मग कशाला डोक्याला ताप. मी कोणाला दोष देत नाही, मी पण मुलीच्या वेळेला असाच विचार केला होता, तिनं हट्ट धरला म्हणून सही केली. पण जरा बघा, आपली इथे जन्मलेली मुलं जन्मानं नागरिक आहेत ती १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे, जी मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कासाठी झाली. ती आठवीच्या सिलॅबसमध्ये आहे. आपल्या मुलाला ती ओळ मूळ शब्दांत कधी वाचायला मिळणार आहे की नाही, हा आपला प्रश्न नाही तर कोणाचा?

अजून एक गोष्ट. आठवीचा इतिहास १८७७ ला संपतो. महात्मा फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक काढलं १८७३ ला, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मोकळं करण्यासाठी जो त्याग केला त्याबद्दल, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा धरून. पुण्यात बसलेला माणूस इथल्या सिव्हिल वॉरकडे बघून आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचा विचार करत होता, आणि नेमका तोच काळ आपली मुलं इथे आठवीत शिकतात. मुलीनं रिकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे सिव्हिल वॉरनंतरच्या काळाच्या, चॅप्टरला हे वर्गात सांगितलं, तिच्या टीचरनी पाच मिनिटं दिली होती बोलायला, वर्गातल्या एका काळ्या मुलीनं नंतर येऊन तिला विचारलं की त्या माणसाचं स्पेलिंग काय. ही पाच मिनिटं ऍडव्हान्स्ड वर्गात होती. रेग्युलरमध्ये अशी पाच मिनिटं कुठून येणार, तिथे वर्कशीट संपवायचं असतं.

सगळ्यांनी ऍडव्हान्स्ड घ्यावं असं मी म्हणत नाहीये. ज्याला ऑर्केस्ट्रा आहे, पोहणं आहे, ज्याला नुसतं घरी येऊन लोळायचंय, त्यानं खुशाल रेग्युलर घ्यावं. पण ते त्यानं निवडलेलं असावं, आणि निवडल्यावर त्याच्या हातात रिकाम्या जागा भरा सोडून पण काहीतरी यावं.

माझ्या मागण्या या आहेत.

पुढच्या वर्षीचा कट-ऑफ थांबवा आणि फॉर्मवर पालकांची आणि मुलाची सही परत आणा. टीचरचं मत जरूर लिहा, स्कोअर पण लिहा, पण निर्णय घरात होऊ दे.

फॉर्मच्या आधी दोन्ही वर्गांचं खरं एका आठवड्याचं काम शेजारी शेजारी ठेवून दाखवा, करिक्युलम नाईटला टेबलावर मांडा आणि पोर्टलवर पण टाका, आपल्याकडे घरी जास्त बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये सूचना द्या. मुदत पाच दिवसांची नको, निदान तीन आठवडे द्या. आणि फॉर्म आलाच नाही तर आपोआप रेग्युलरला घालण्याआधी घरी एक फोन करा.

रेग्युलरच्या प्रत्येक युनिटमध्ये एक तरी मूळ कागद पूर्ण वाचला जाईल असं लेखी ठरवा. ग्रेंजरचा हुकूम एका परिच्छेदाचा आहे, चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं कलम त्याहून लहान आहे, गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२ चं भाषण मोठं आहे पण त्यातली दोन पानं घेता येतील. हे सगळं फुकट मिळतं, पुस्तकं विकत घ्यायला लागत नाहीत. टीचरना त्याची तयारी करायला वेळ द्या, हवं तर स्टार प्रॅक्टिसमधला काढून द्या.

डिसेंबरमध्ये, सेमिस्टर संपताना, दोन्ही बाजूंनी वर्ग बदलायची मुभा ठेवा. आणि ऍडव्हान्स्डच्या होमवर्कला मर्यादा घाला, आठवड्याला किती तास ते आकड्यात लिहा.

या पाचही गोष्टींवर हो किंवा नाही असं लेखी उत्तर मला हवंय, आणि नाही असेल तर कारणासकट. पुढच्या मीटिंगला मी येणार आहे, पब्लिक कमेंटसाठी नाव दिलंय, तीन मिनिटं मिळतात. दोन्ही फोल्डर बरोबर आणतेय, तुमच्यापैकी ज्यांना बघायचे असतील त्यांनी मागून घ्या, सावकाश बघा. मुलगा पण येतोय. तो म्हणालाय की तीन मिनिटांतलं एक मिनिट त्याला हवंय, ती ग्रेंजरची ऑर्डर वाचून दाखवायला. एका मिनिटात त्याचं वाचून होणार नाही. बझर वाजला तरी कृपा करून त्याला पूर्ण करू द्या.

तुमच्या डिस्ट्रिक्टमधली एक आई